पडदा उघडण्यापूर्वी : ओव्हर्चर आणि रॉक

रोसिनीचं ‘विल्यम टेल’ ओव्हर्चर साधारण बारा मिनिटांचं आहे आणि जगाला त्यातली शेवटची तीन-साडेतीन मिनिटंच पाठ आहेत. ट्रम्पेटची ललकारी होते आणि पाठोपाठ सगळा वाद्यवृंद चौखूर उधळतो. पॅरिसमध्ये ३ ऑगस्ट १८२९ रोजी हा ऑपेरा पहिल्यांदा रंगमंचावर आला, तेव्हा ही दौड स्विस सैनिकांची होती. पुढे १९३३ साली डेट्रॉइटच्या एका रेडिओ केंद्रानं ‘द लोन रेंजर’ या मुखवटाधारी घोडेस्वाराच्या मालिकेसाठी हाच तुकडा शीर्षकधून म्हणून घेतला. १९४९ मध्ये मालिका दूरचित्रवाणीवर गेली आणि धून तिच्याबरोबर गेली. हातात इलेक्ट्रिक गिटार घेणारी मुलं ज्या पिढ्यांतून निघाली, त्या पिढ्या या सुरांवर वाढल्या. ऑपेरागृहाची पायरीही न चढलेल्या पोराला रोसिनी तोंडपाठ होता. रॉकच्या वादकांना जुनी ओव्हर्चर कुठून सापडली, या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे असं साधं आहे: ती त्यांच्या घरातच वाजत होती.

या पुस्तकात अशा रूपांतरांचा मागोवा घेतला आहे. रॉक आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांच्या एकूण नात्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बाख, बीथोव्हेन, ग्रीग यांच्या चाली रॉकमध्ये कशा आल्या, हे जाणकारांना ठाऊक आहे. मी मुद्दाम एकाच प्रकारापुरतं पाहिलं, कारण ओव्हर्चर हा प्रकार जन्मापासूनच रॉकच्या स्वभावाला जवळचा आहे, असं माझं ठाम मत आहे. कसा, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

ऑपेरा सुरू होण्यापूर्वी प्रेक्षागृहात गोंगाट असे. लोक उशिरा येत, गप्पा मारत, एकमेकांचे कपडे न्याहाळत. पडद्याआड काहीतरी मोठं घडणार आहे हे त्यांना पटवून द्यायचं, तेही शब्दांवाचून आणि थोड्या वेळात, हे काम ओव्हर्चरकडे आलं. आधी ते नुसतं औपचारिक होतं. ‘आल्चेस्ते’च्या १७६९ साली छापलेल्या प्रस्तावनेत ग्लुकनं आग्रह धरला की, ओव्हर्चरनं प्रेक्षकाला पुढे येणाऱ्या कथेची जाणीव करून दिली पाहिजे. पुढच्या संगीतकारांनी हे मानलं, आणि सोयीप्रमाणे मोडलंही. रोसिनीनं ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’ला १८१६ मध्ये जे ओव्हर्चर जोडलं, ते त्याआधी त्याच्याच दोन वेगळ्या ऑपेरांना वापरून झालं होतं, आणि ते दोन्ही ऑपेरा गंभीर होते. आज आपल्याला त्या सुरांत न्हाव्याचा खट्याळपणा ऐकू येतो, पण लिहिताना तो रोसिनीच्या मनात नव्हता. बीथोव्हेननं आपल्या एकुलत्या एका ऑपेरासाठी चार ओव्हर्चर लिहिली. मेंडेल्सोननं १८२६ साली, सतराव्या वर्षी, ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’चं ओव्हर्चर केलं तेव्हा त्याच्यासमोर कोणताही प्रयोग नव्हता. त्या नाटकाचं बाकीचं संगीत त्यानं सोळा वर्षांनी लिहिलं.

मूळ कृतीपासून सुटून येणं, दुसरीकडे चिकटणं, एकटंच उभं राहणं हे सगळं ओव्हर्चरनं रॉकच्या कितीतरी आधी केलेलं आहे. म्हणूनच रॉक बँडनं ओव्हर्चर वाजवलं की ‘विटंबना’ म्हणून ओरड करणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या रचनेनं स्वतःच तीन घरं बदलली, तिला चौथं घर मिळालं तर शोक कशाला करायचा?

विटंबनेचा आरोपही जुनाच आहे. ‘ला गाझा लाद्रा’ म्हणजे चोरटी मॅगपाय. १८१७ मध्ये मिलानच्या ला स्कालात हा ऑपेरा झाला. त्याचं ओव्हर्चर स्नेअर ड्रमच्या घुमाऱ्यानं सुरू होतं, आणि ड्रमही एक नाही, दोन, एकमेकांपासून दूर ठेवलेले. लष्कराचं हे वाद्य वाद्यवृंदात आलेलं पाहून एक तरुण व्हायोलिनवादक इतका भडकला की रोसिनीला भोसकण्यासाठी खंजीर घेऊन फिरू लागला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यातला राग ओळखीचा आहे. सुमारे दीडशे वर्षांनी रॉकच्या ड्रमवाल्यांना हेच ऐकावं लागलं. १९८०च्या दशकात मॅरिलियन हा इंग्लिश बँड रंगमंचावर येण्याआधी नेमकं हेच ओव्हर्चर लावत असे आणि त्यांच्या १९८८च्या थेट कार्यक्रमांच्या अल्बमचं नावही ‘द थीव्हिंग मॅगपाय’ आहे. त्यांनी त्यात काहीही बदललं नाही. अंधारात बसलेल्या हजारो लोकांना गप्प करून ताणून धरण्याचं जे काम रोसिनीनं मिलानमध्ये त्या ड्रमकडून करून घेतलं, तेच त्यांनीही करून घेतलं. रूपांतर न करता केलेला हा वापर मला अनेक रूपांतरांहून जास्त समजूतदार वाटतो.

रॉकच्या पहिल्या काळातले प्रयत्न खेळकर होते. हॉलिवूडच्या स्टुडिओतल्या वादकांनी पिल्टडाउन मेन या नावानं १९६१च्या सुमारास ‘पिल्टडाउन राइड्स अगेन’ ही धून काढली. ती म्हणजे सॅक्सोफोनवर स्वार झालेलं विल्यम टेल. ब्रिटनमध्ये ती खपली. त्याच ब्रिटनमध्ये अशा उचलेगिरीबद्दल अधिकृत नापसंती होती. बीबीसीनं १९४२ साली नाचाच्या संगीतासाठी एक समिती नेमली होती आणि अभिजात रचनांवरून बेतलेली गाणी प्रसारित करायची नाहीत, हा तिच्या धोरणाचा भाग होता. १९६२ मध्ये चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधल्या मार्चवरची ‘नट रॉकर’ ही धून आली तेव्हाही समितीत खल झाला आणि अखेर परवानगी मिळाली. ती धून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. ती मार्चवर बेतलेली आहे, ओव्हर्चरवर नाही, म्हणून या पुस्तकात तिला वेगळं प्रकरण नाही. पण दार तिनं उघडलं, हे नोंदवायलाच हवं.

दार उघडल्यावर आत शिरलेल्यांत कीबोर्डवादक कीथ एमर्सन सगळ्यात धीट. त्याच्याबद्दल लिहिण्याचा मोह मी आवरता घेतला आहे, कारण मुसोर्गस्की, सिबेलियस, कोपलंड, हिनास्तेरा अशी त्याची निवड बहुतेक सगळी ओव्हर्चरच्या बाहेरची आहे. मात्र त्याच्यामुळे एक व्यवहाराची गोष्ट स्पष्ट होते. संगीतकार हयात असेल किंवा त्याचे वारस हक्क सांभाळत असतील, तर परवानगी घ्यावी लागते आणि ती मिळेलच असं नाही. होल्स्टच्या ‘मार्स’च्या बाबतीत किंग क्रिम्सन या बँडला नकार मिळाला आणि त्यांना १९७० साली रचना बदलून, नाव बदलून ती छापावी लागली. रोसिनी १८६८ मध्ये गेला, चायकोव्हस्की १८९३ मध्ये. त्यांच्या दारात कुणाला थांबावं लागत नव्हतं. ‘विल्यम टेल’ आणि ‘१८१२’ पुन्हा पुन्हा निवडली गेली, त्याचं हेही एक कारण आहे, आणि कलेच्या इतिहासात अशी कारणं लपवण्यात अर्थ नसतो.

१९६८ मध्ये डीप पर्पल या बँडनं ‘द बुक ऑफ टॅलिएसिन’ या अल्बममध्ये ‘एक्स्पोझिशन’ नावाचा तुकडा वाजवला. बीटल्सच्या एका गाण्यापूर्वीची ती प्रस्तावना. त्यात बीथोव्हेनच्या सातव्या सिम्फनीतला दुसरा भाग आहे आणि चायकोव्हस्कीचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हे फँटसी-ओव्हर्चर. जॉन लॉर्डचं ऑर्गन आणि रिची ब्लॅकमोरची गिटार यांच्यात ते सूर उतरताना ऐकण्यासारखे आहेत, पण उतावळेपणा जाणवतो. मूळ रचनेत प्रेमाची ती प्रसिद्ध धून पहिल्यांदा इंग्लिश हॉर्न आणि व्हायोला यांच्या दबक्या आवाजात येते. तिच्याआधी दोन घराण्यांची हातघाई झालेली असते, म्हणून ती कानाला लागते. डीप पर्पलनं सामग्री घेतली, रचनेचा ताण घेतला नाही. पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, लॉर्डनं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी स्वतःचा कॉन्सर्टो सादर केला. उसन्या सुरांपेक्षा स्वतःच लिहावं, हे त्याला फार लवकर कळलं होतं.

इथे थोडं तंत्राबद्दल सांगितलं पाहिजे, कारण रूपांतर फसतं ते बहुतेक वेळा इथे. विकृत केलेल्या आवाजाच्या गिटारवर, म्हणजे डिस्टॉर्शन लावून, वाद्यवृंदातले भरगच्च स्वरमेळ जसेच्या तसे वाजवले तर चिखल होतो. म्हणून वादक मधला स्वर काढून षड्ज-पंचमाची जोडी तेवढी ठेवतात. आवाज करकरीत होतो, पण आनंदी आणि उदास यांतला फरक सांगणारा स्वर नेमका तोच असतो. दुसरी अडचण आवाजाच्या चढउताराची. रोसिनीची खासियत असलेला क्रेशेंडो अगदी हळू सुरू होतो. तेच वाक्य पुन्हा येतं, दर खेपेला एखादं वाद्य वाढतं आणि शेवटी छप्पर उडतं. रॉक बँड पहिल्या ठोक्यालाच पूर्ण आवाजात असला तर चढायला जागा कुठे उरली?

ही अडचण ज्यांना उमगली, त्यांची रूपांतरं टिकली. माइक ओल्डफील्डनं ‘ट्युब्युलर बेल्स’ (१९७३) मध्ये जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून एकावर एक थर चढवले होते. १९७७ मध्ये त्यानं ‘विल्यम टेल’ची एकेरी तबकडी काढली ती याच पद्धतीनं. एकाच माणसाचे हात अनेक झाले की वाद्यवृंदाची घडण आपोआप येते, कारण प्रत्येक थर कुठे आत घ्यायचा याचा विचार करावा लागतो. वेंडी कार्लोस रॉक संगीतकार नव्हे. तरी १९७१च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या चित्रपटासाठी मूग सिंथेसायझरवर केलेलं विल्यम टेल इथे विचारात घेतलं आहे. त्या काळचा मूग एका वेळी एकच स्वर देई, त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी मुद्रित करावी लागे. त्या घोडदौडीचा वेग अमानुष आहे आणि चित्रपटातल्या प्रसंगाला तो अमानुषपणाच हवा होता.

याच्या उलट टोकाला १९८१चं ‘हुक्ड ऑन क्लासिक्स’. ईएलओ या रॉक बँडसाठी वाद्यवृंदाची मांडणी करणाऱ्या लुई क्लार्कनं रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राला यंत्रासारख्या एकसुरी ठेक्यावर बसवलं. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ काही सेकंद, ‘१८१२’ काही सेकंद, ठेका मात्र तोच. वाद्यं सगळी अस्सल, वादक पट्टीचे, आणि तरीही ओव्हर्चरमधला प्राण त्यात सापडत नाही, कारण वाट पाहायला लावणं हा ओव्हर्चरचा प्राण आहे आणि तो ठेका कुणालाच वाट पाहू देत नाही. खपाच्या दृष्टीनं हा अल्बम प्रचंड यशस्वी झाला. माझ्या लेखी या पुस्तकातलं ते सर्वांत निराशाजनक उदाहरण आहे.

‘१८१२’वर या पुस्तकातली सर्वांत मोठी दोन प्रकरणं आहेत. ते ओव्हर्चर १८८० साली लिहून झालं आणि १८८२च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत वाजलं. नेपोलियनची रशियातली माघार हा विषय. खुद्द चायकोव्हस्कीला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. हे मोठ्या आवाजाचं काम आहे आणि आपण ते ममतेनं लिहिलेलं नाही, अशा आशयाचं त्यानं आपल्या आश्रयदात्या नादेझ्दा फॉन मेक यांना कळवलं होतं. पण त्यात त्यानं तोफेचे सोळा बार स्वरलिपीत लिहिले. स्वरलिपीत! म्हणजे तोफ हे त्यानं तालवाद्य मानलं. प्रत्यक्षात हे जमवणं कठीण असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे १७० मीटरवर ठेवलेल्या तोफेचा बार अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि एवढ्या वेळात ताल पार चुकतो. म्हणून बार आधी काढावा लागतो. १९७४ मध्ये आर्थर फीडलर यांनी बॉस्टनच्या नदीकाठी ४ जुलैला तोफा, घंटा आणि आतषबाजीसह ‘१८१२’ वाजवलं, तेव्हापासून रशियाच्या विजयाची ही रचना अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची झाली. पुन्हा एक नवं घर.

या रचनेतली तोफ कोझी पॉवेलला ऐकू आली. ब्लॅकमोरनं १९७५ साली सुरू केलेल्या रेनबो बँडचा हा ड्रमवादक आपल्या एकल वादनात ‘१८१२’ची साथ घेत असे. म्युनिकमधला १९७७चा कार्यक्रम मुद्रित रूपात उपलब्ध आहे. पुढे व्हाइटस्नेक बँडमध्येही, १९८५च्या ‘रॉक इन रिओ’पर्यंत, त्यानं हा प्रघात चालू ठेवला. कुणी म्हणेल, ड्रमवाल्यानं वाद्यवृंदावर दणादण वाजवलं, यात रूपांतर कसलं? मला वाटतं, चायकोव्हस्कीनं जिथे तालवाद्य म्हणून तोफ लिहिली, तिथे पॉवेलनं आपले दोन बेस ड्रम ठेवले आणि त्यामुळे त्या जागेला अर्थ आला. धून एकाही गिटारकडे दिली नाही. ज्या गोष्टीत आपण वाद्यवृंदापेक्षा सरस आहोत, तेवढीच त्यानं केली. म्युनिकचं ते मुद्रण प्रकरण वाचण्याआधी जरूर ऐकावं.

रश या कॅनडाच्या त्रिकुटाची गोष्ट वेगळी. आधीचा अल्बम चालला नव्हता, कंपनीला छोटी गाणी हवी होती आणि यांनी १९७६ मध्ये वीस मिनिटांची, सात भागांची ‘२११२’ ही एकच रचना तबकडीच्या एका बाजूवर भरली. पहिल्या भागाचं नावच ‘ओव्हर्चर’. पुढे येणाऱ्या भागांच्या धून त्यात आधी भेटून जातात, म्हणजे ग्लुकनं मागितलं होतं ते हे तीन तरुण टोरंटोत करत होते. या भागाच्या शेवटाकडे अॅलेक्स लाइफसनची गिटार ‘१८१२’मधली एक ओळ वाजवते आणि मग स्फोट होतो. पुढची कथा अशा जगाची आहे जिथे पुजाऱ्यांची सत्ता सगळं ठरवते आणि एका माणसाला विस्मृतीत गेलेली गिटार सापडते. त्या कथेआधी एका हरलेल्या सम्राटाचं संगीत येतं. उसना तुकडा आपल्या रचनेत कसा रुजवावा, याचा याहून चांगला नमुना मला रॉकमध्ये आढळला नाही.

ओव्हर्चरचे सूर न घेता त्याचा साचा घेणारेही होते. द हू यांच्या ‘टॉमी’ला (१९६९) रीतसर ओव्हर्चर आहे आणि त्यात बेसवादक जॉन एंटविसलनं फ्रेंच हॉर्न वाजवला आहे. त्यांचा व्यवस्थापक किट लँबर्ट हा कॉन्स्टंट लँबर्ट या इंग्लिश संगीतकाराचा मुलगा होता. रॉक ऑपेराला ओव्हर्चर हवंच, हा आग्रह त्याचा. मुंबईशी जोडलेला धागाही इथेच सापडतो. १५ मे १९७० रोजी लॉस एंजेलिसमध्ये मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक आणि फ्रँक झॅपाचा मदर्स ऑफ इन्व्हेन्शन हा बँड एकत्र आणून झॅपाच्या ‘२०० मोटेल्स’चं संगीत सादर केलं. पुढच्या वर्षी निघालेल्या त्याच्या अल्बमची सुरुवात ओव्हर्चरनंच होते. मेहतांच्या चरित्रातलं हे पान मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून त्याला इथे जागा दिली आहे.

एक तक्रार शेवटच्या प्रकरणात सविस्तर आली आहे, तिचा उल्लेख इथेही करतो. ‘विल्यम टेल’ सुरू होतं ते पाच एकल चेलोंच्या संथ संवादानं. मग वादळ, मग इंग्लिश हॉर्न आणि बासरीवर गुराख्यांची धून, आणि त्यानंतर दौड. बर्लिओझनं या ओव्हर्चरला चार भागांची सिम्फनी म्हटलं होतं. रॉकनं यातलं वादळसुद्धा क्वचितच घेतलं, चेलो तर सोडूनच दिले. हेवी मेटलमध्ये, विशेषतः आयर्न मेडनच्या स्टीव्ह हॅरिसच्या बेसवर, ‘गॅलप’ म्हणून जी लय ऐकू येते तिचं विल्यम टेलच्या शेवटाशी जवळचं नातं आहे, दोन छोट्या मात्रा आणि एक मोठी यांची नुसती उलटापालट. वेगाचं नातं जुळलं, शांततेचं जुळलं नाही. ज्या संगीतानं एकट्या गिटारच्या हळव्या सुरांवर हजारोंची गर्दी धरून ठेवली, त्याला पाच चेलोंचं हे दान पेलवलं असतं. कुणा तरुण बँडनं ते अजून घ्यावं.

वाचकांना एक विनंती. प्रत्येक प्रकरणाआधी मूळ ओव्हर्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता ऐका, आणि मगच रॉकमधलं रूप ऐका. क्रम उलटा केलात तर मूळ रचना नुसती ओळखीच्या जागेची वाट पाहण्यात संपेल. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हे ऐकू नका. स्नेअर ड्रमचा पहिला घुमारा आणि चेलोंचे खालचे सूर त्यात हरवतात. मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना प्रत्यक्ष ऐकण्याचीही सोय आहे: नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम होत असतात. कार्यक्रमपत्रिकेत एखादं ओव्हर्चर असेल, तर तिकीट काढा आणि वेळेआधी जाऊन बसा. ओव्हर्चर सहसा सुरुवातीलाच असतं.